परीक्षा मुलाची, दिवा गावाचा

चैत्र लागला, की कोल्हापुरात दोन लगबगी एकाच वेळी सुरू होतात. जोतिबाच्या यात्रेसाठी गावोगावच्या सासनकाठ्या बाहेर निघतात आणि शाळांमध्ये वार्षिक परीक्षा सुरू होते. वाडी रत्नागिरीच्या वाटेने 'चांगभलं'चा गजर करीत माणसे चाललेली असतात आणि त्याच वाटेच्या कडेने एखादा सातवीतला मुलगा हातात पॅड आणि कंपासपेटी घेऊन शाळा गाठत असतो. त्याच्या गणवेशावर थोडा गुलालही उडालेला असतो. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षांचे राज्यभर एकच वेळापत्रक आले आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबली. त्या वर्षी चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती, म्हणजे यात्रा ऐन परीक्षेत आली. एवढ्या उन्हात परीक्षा कशाला, म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी नाराजी व्यक्त केली. मुलांनी मात्र पेपरही दिले आणि यात्राही केली.

दहावी-बारावीच्या परीक्षेची बातमी होते. भरारी पथके, कॉपी, निकालाची टक्केवारी हे सगळे आपण दरवर्षी वाचतो. पाचवी ते नववीच्या परीक्षेची बातमी सहसा होत नाही. ही घरातली परीक्षा. तिची काळजी आई करते आणि तिचा निकाल शेजारची काकू विचारते. तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडची किती मुले शिकली आणि किती मागे राहिली, याचा निवाडा दहावीच्या आधी, याच वर्गांत होत आला आहे. त्या निवाड्याचा इतिहास कोल्हापूरच्या संदर्भात सांगावा, असे मनात आहे. कारण या गावाने परीक्षेच्या बाबतीत एक वेगळाच विचार एकेकाळी करून दाखवला होता.

मी हायस्कुलात होतो तो काळ १९८० नंतरचा. एप्रिलमध्ये शाळा सकाळची व्हायची. परीक्षेला एका बाकावर पाचवीचा आणि आठवीचा मुलगा शेजारी शेजारी बसवीत, म्हणजे एकमेकांचे पाहून लिहायची सोय नाही. पाचवीतले पोर आठवीच्या दादाची भूमितीची आकृती बघत बसायचे आणि आपले शुद्धलेखन विसरायचे. पुरवणी मागणारा मुलगा हुशार समजला जाई. शेवटचा पेपर सुटला, की शाईपेनातली उरलेली शाई एकमेकांच्या सदऱ्यावर उडवायची, हा ठरलेला कार्यक्रम. त्यानंतर रंकाळा, नाहीतर कुणाच्या तरी मळ्यातली विहीर. एक मेला झेंडावंदन झाले, की प्रगतिपुस्तक हातात पडायचे. त्यात नापास झालेल्या विषयाखाली लाल रेघ असायची. निकाल लागला, की जुनी पुस्तके निम्म्या किमतीत खालच्या वर्गातल्या मुलाला विकायची आणि त्या पैशांत वरच्या वर्गातली जुनी पुस्तके घ्यायची.

त्या वेळी निकालाचे तीन प्रकार होते. पास, 'वर चढवलेला' आणि नापास. चढवलेला मुलगा थोडा खाली मान घालून, पण वर्गमित्रांबरोबर पुढे जायचा. नापास झालेला जूनमध्ये त्याच वर्गात, त्याच बाकावर, धाकट्या मुलांच्यात बसायचा. कधी कधी तर पाठचा भाऊ येऊन शेजारी बसायचा. दोनदा असे झाले, की बाप म्हणायचा, 'बास झालं शिक्षण.' मग तो मुलगा कुठे उद्यमनगरात लेथवर, कुठे गुजरीत सराफाच्या पेढीवर, कुठे गुऱ्हाळावर दिसायचा. मुलगी असेल तर दोनदाची वाटसुद्धा कुणी बघत नसे. घरात काम होतेच.

ही गाळणी आली कुठून? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण कोल्हापुरातच झाले होते. पुढे सगळी शाळा मॅट्रिकच्या तोंडाकडे बघून रचली गेली. आधी मराठी चार इयत्ता आणि मग इंग्रजी शाळेच्या सात. आजची पाचवी म्हणजे तेव्हाची इंग्रजी पहिली. मॅट्रिकला बसण्याजोगी मुले निवडायची, तर खालच्या प्रत्येक इयत्तेत चाळण लावत जायचे, अशी ती रीत होती. सरकारला कारकून हवे होते आणि कॉलेजांना मोजके विद्यार्थी. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न त्या रचनेत नव्हताच.

या चाळणीतून जे वर आले, तेही सुखासुखी आले नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण घ्या. वडील वारल्यानंतर थोरले बंधू गोविंदराव नोकरीला लागले. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवावा म्हणून गोखले रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करीत, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. १८८१ साली ते मॅट्रिक झाले. आपण ही गोष्ट मुलांना नेहमी सांगतो ती चिकाटीचा धडा म्हणून. मला त्यात दुसरेही काही दिसते. एवढ्या बुद्धीच्या मुलाला अभ्यासाला दिवा मिळाला तो रस्त्यावरचा, म्हणजे गावाचा. घरात तो नव्हता. ज्यांना तोही मिळाला नाही, अशी किती मुले त्या वर्षी परीक्षेतून गळाली असतील, त्यांची नावे कुठल्याच चरित्रात येत नाहीत.

हा दिव्याचा प्रश्न राज्यकर्ता म्हणून ज्याने ओळखला, ते राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली ते गादीवर आले. राजाराम कॉलेजला जोडून सर्वांसाठी वसतिगृह होते, पण त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गातल्या मुलांना होत होता. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, शिजवून घालणारे कुणी नव्हते. शाळेचा दरवाजा उघडा असून उपयोग काय, जर शाळा सुटल्यावर मुलगा जाणार कुठे हेच ठरलेले नसेल? १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली लिंगायत समाजाचे, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी ही यादी पुढे वाढतच गेली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, वार्षिक अनुदाने लावून दिली. मुस्लिम शिक्षण संस्थेचे तर अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जाती पक्क्या केल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो टाळून पुढे जाऊ नये. पण त्या काळी एका पंगतीला बसून जेवणेच अशक्य होते आणि मुलाला घराबाहेर पाठवायला आईबाप तयार व्हायचे ते आपल्या माणसांच्या भरवशावर. राहण्याची सोय अशी वेगवेगळी झाली, तरी शिकण्याची सोय एक व्हावी, हे महाराजांनी सोडले नाही. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यावे, असा हुकूम त्यांनी काढला.

दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंगची इमारत दिसते, तेव्हा माझ्या मनात एक साधा हिशेब येतो. परीक्षेच्या महिन्यात बोर्डिंगातल्या मुलाला काय मिळत असेल? वेळेवर भाकरी. बसायला जागा. रात्री दिवा. आणि महत्त्वाचे म्हणजे, अडलेले गणित विचारायला एक वर्ष पुढचा मुलगा. शिकलेल्या घरात हे सगळे आयते असते, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अशिक्षित घरातून आलेल्या मुलासाठी बोर्डिंगने ते उभे केले.

याच बोर्डिंगांच्या काळात कोल्हापुरात एक मुलगा नापास होत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७, गाव कुंभोज. राजाराम हायस्कूलमध्ये तो शिकत होता आणि जैन बोर्डिंगात राहत होता. पोहण्यात, कुस्तीत पुढे, अभ्यासात मागे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर 'शुद्धीची' अंघोळ करायला त्याने नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्याला आधार दिला. पण परीक्षेचे काय? त्याला वर चढवावे, असा शब्द महाराजांकडून आला, तेव्हा मुख्याध्यापकांनी उत्तर दिले, की हा ज्या बाकावर बसतो ते बाक एकवेळ पास करीन, पण याला करणार नाही. हा किस्सा कोल्हापुरात आणि साताऱ्यात आजही सांगितला जातो. सांगणारे तो हसत हसत सांगतात. मुख्याध्यापकांचा ताठ कणाही त्यात दिसतो आणि राजाने तो मोडला नाही, हेही दिसते.

भाऊराव मॅट्रिकपर्यंत पोचले नाहीत. पण त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, त्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली आणि त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. कोल्हापुरात जे वेगवेगळे होते, ते साताऱ्यात एका पंगतीला आले. मुले शेतात राबून, खडी फोडून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. ही पदवी दिली. परीक्षेने ज्याला बाकाच्या खाली धरले, त्याच्या संस्थेच्या शाळांतून लाखो मुलांनी परीक्षा दिल्या. यावरून परीक्षा खोटी ठरत नाही. भाऊरावांचे गणित खरोखरच कच्चे असेल. पण परीक्षेला मुलातले जेवढे दिसते त्यापेक्षा मुलगा मोठा असतो, आणि तो नापास झाला तरी त्याला धरून ठेवणारे कुणीतरी लागते. भाऊरावांना ते मिळाले. त्यांनी आयुष्यभर इतरांना ते मिळवून दिले.

तिकडे कोल्हापुरात शिकलेले गोखले मोठे होऊन कलकत्त्याच्या कायदे मंडळात पोचले होते. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी करणारे विधेयक मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैसा कुठून आणायचा, हे कारण होतेच. शेतकऱ्याचे पोर शिकले तर शेतात कोण राबणार, ही धास्तीही होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण आधीच सुरू केले होते. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. हा दंड मला फार बोलका वाटतो. मुलगा शाळेत नाही, तर जबाबदार कोण? मोठी माणसे. पोर नव्हे.

या परंपरेतला आणखी एक कोल्हापूरकर आपण विसरत चाललो आहोत. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. जन्म १९०७. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. या आयोगाने म्हटले, की पहिली ते चौथी हा एकच सलग टप्पा समजावा, म्हणजे प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाईल. मूल्यमापनाचा उपयोग मुलाला सुधारायला व्हावा, नुसता शिक्का मारायला नको. दहावी-बारावीची आजची रचनाही याच आयोगाच्या विचारातून आली. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. रचना आली, पण खालच्या वर्गांतली लाल रेघ तशीच राहिली.

ती पुसली गेली २०१० साली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचे नाही, असे ठरले. वर्षभर मुलाकडे लक्ष ठेवायचे, त्याचे कुठे अडते ते पाहायचे, म्हणून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले, गुणांऐवजी श्रेणी आली. लोकांनी त्याचा अर्थ 'आता परीक्षाच नाही' असा केला. खरे तर शिक्षकाचे काम वाढले होते. एका वर्गात साठ-सत्तर मुले असतील, तर शिक्षक कुणाकुणाच्या वहीत वाकून बघणार? मग आठवी पार केलेल्या काही मुलांना धड वाचता येत नाही, अशी तक्रार सुरू झाली. २०१९ साली कायदा बदलला आणि राज्यांना मुभा मिळाली. २०२३ साली महाराष्ट्राने आपले नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाले, तर मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. तीही गेली, तर मूल त्याच वर्गात राहते. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

परीक्षा असावी की नसावी, यावर आपण तावातावाने बोलतो. मला त्या वादात एक गोष्ट सुटलेली दिसते. परीक्षा नव्हती तेव्हाही आणि आता आहे तेव्हाही, दोन खोल्यांच्या घरातल्या सहावीतल्या पोराने संध्याकाळी बसायचे कुठे?

आमच्या गल्लीत या प्रश्नाला एक उत्तर होते. पलीकडच्या घराच्या सोप्यात ट्यूबलाइट होती. मार्च लागला, की आसपासच्या सात-आठ घरांतली मुले तिथे पोतडी पसरून बसायची. त्या घरच्या आजीला अक्षर येत नव्हते. पण कुणाचे ओठ हलायचे थांबले, की तिला बरोबर कळायचे. 'का रं, झोपलास व्हय?' म्हणून आतून आवाज यायचा. मोमीनांचा, मगदुमांचा, कांबळ्यांचा असा भेद तिच्या आवाजात नव्हता. तिला शाहू महाराजांच्या धोरणाविषयी कुणी सांगितले नसेल, पण तिच्या सोप्यात एक छोटे बोर्डिंग दर परीक्षेला भरत होते.

रमजान आणि परीक्षा यांचीही अशीच एक गंमत आहे. चांद्र वर्ष आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आमच्या हायस्कुलाच्या वर्षांत तो जून-जुलैत, शाळा उघडताना यायचा. २०२३ साली तो मार्चअखेरीस सुरू झाला आणि ईद २२ एप्रिलला आली, म्हणजे पुरा परीक्षेचा हंगाम. सहेरीसाठी पहाटे चारला गल्लीतले सगळे दिवे लागतात. रोजा धरणारी मुले खाऊन झाल्यावर पुस्तक घेऊन बसतात, आणि त्या उजेडात, त्या शांततेत रोजा न धरणारी लहान भावंडेही बसतात. सगळी गल्ली जागी असली, की पोराला अभ्यासाला बसवावे लागत नाही. ते आपोआप बसते.

कोल्हापूरला जागांची वाण नाही. पेठापेठांतून तालमी आहेत, मंडळांची कार्यालये आहेत, समाजांची सभागृहे आहेत. १८५० सालापासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे. शाळांच्या इमारती तर संध्याकाळी कुलूप लावून उभ्याच असतात. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका निघाल्या, चांगले झाले. पण पाचवीच्या आणि आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळी दोन तास एखादी खोली, चार दिवे आणि अडलेले सांगायला एक कॉलेजचा मुलगा, एवढे करायला कुठल्या हुकमाची वाट बघायला नको. एकेका समाजाने शंभर वर्षांपूर्वी बोर्डिंगे उभी केली. आज एकेका तालमीला एक खोली जड नाही.

आणि हे करायचे तर निकालानंतरचे दिवस महत्त्वाचे आहेत. एक मेच्या सुमारास प्रगतिपुस्तके वाटली जातात. बहुतेक मुले उड्या मारीत पोहायला पळतात. प्रत्येक शाळेत दोन-चार मुले अशी असतात, ज्यांना सुट्टीनंतर पुन्हा पेपर द्यायचा असतो. त्यांची आंब्याची सुट्टी त्या कागदाने कडू झालेली असते आणि घरात त्यांना 'काय करायचंय शिकून' हे ऐकू येऊ लागलेले असते. नियमात जादा मार्गदर्शन लिहिलेले आहे. पण उन्हाळ्यात शाळा बंद असते, शिक्षक गावी गेलेले असतात. त्या सहा आठवड्यांत या मुलांना बसायला जागा आणि समजावून सांगणारे माणूस मिळाले, तर जूनमध्ये ती आपल्या वर्गमित्रांबरोबर वरच्या वर्गात असतील. आपल्या गल्लीत असे मूल कोणते, ते आपल्याला ठाऊक असते. त्याला हाक मारायला हवी.